लंब रेषेला कुठे टेकतो

रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेवर लंब टाकला की तो रेषेला ज्या बिंदूत मिळतो, तो लंबपाद. एक रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू दिला की लंबपाद एकच असतो, आणि रेषेवरच्या सगळ्या बिंदूंमध्ये तोच दिलेल्या बिंदूला सर्वांत जवळचा असतो. निर्देशक भूमितीच्या अभ्यासात या बिंदूच्या वाट्याला फारसे लक्ष येत नाही. बिंदूपासून रेषेचे अंतर काढण्याचे सूत्र पाठ होते, उत्तर एका संख्येत मिळते आणि लंब किती लांबीचा हे कळते. तो नेमका कुठे टेकतो हे त्या संख्येत नसते. जमीन मोजणाऱ्याला, पाइपलाइन टाकणाऱ्याला, रस्ता आखणाऱ्याला आधी ती जागाच लागते. लांबी नंतर येते.

खानदेशातल्या शेतांच्या हद्दी कागदावर आल्या त्या या बिंदूच्या आधाराने. मुंबई इलाख्याची नवी महसुली मोजणी १८३६च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी सुरू केली आणि पुढे ती इतर जिल्ह्यांत गेली. खानदेशात तिला उघड विरोध झाला. १८५२ मध्ये सावदा, रावेर, यावल या भागातले शेतकरी मोजणीविरुद्ध एकवटले. मोजणी अधिकाऱ्यांच्या मुक्कामाभोवती मोठा जमाव गोळा झाला. मोजणीमागून सारावाढ येईल ही त्यांची भीती होती. विरोध मोडून काढण्यात आला आणि मोजणी झाली. त्या पद्धतीने शेताशेताची जी टिपणे तयार झाली, त्यांचा वारसा आजही भूमी अभिलेख कार्यालयांत जपलेला आहे.

टिपण म्हणजे शेताचा हाताने काढलेला मापांचा आराखडा. शेताच्या दोन लांबच्या टोकांमधून एक सरळ पायारेषा धरायची, तिच्यावर साखळी अंथरायची आणि बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यातून त्या रेषेवर लंब पाडायचा. प्रत्येक कोपऱ्यासाठी दोनच आकडे लिहायचे : पायारेषेच्या सुरुवातीपासून लंबपाद किती अंतरावर आहे, आणि तिथून कोपरा डाव्या किंवा उजव्या हाताला किती लांब आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. कागदावर पायारेषा काढून त्या दोन आकड्यांनी कोपरे पुन्हा मांडले की शेताचा आकार उभा राहतो. निर्देशक भूमितीत बिंदू दोन संख्यांनी ठरतो, हे तत्त्व इथे वहीतल्या समीकरणांशिवाय काम करत होते.

लंबपाद शोधायला मोजणीदाराकडे शंकू असे. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन फटींतून पाहण्याचे हे साधे उपकरण. त्याची काठी पायारेषेवर रोवायची. एका फटीतून पायारेषेच्या टोकाचा झेंडा दिसला पाहिजे आणि दुसरीतून शेताचा कोपरा. कोपरा फटीत येईपर्यंत मोजणीदार काठी उचलून रेषेवर पुढेमागे सरकत राही. तो दिसला त्या क्षणी काठी लंबपादावर असे. शंकू नसेल तर टेप वापरता येतो : टेपचे एक टोक कोपऱ्यावर धरायचे, दुसरे पायारेषेवरून सावकाश फिरवायचे आणि सर्वांत कमी वाचन कुठे येते ते पाहायचे. पहिली रीत काटकोनावर उभी आहे, दुसरी किमान अंतरावर. दोन्ही एकाच बिंदूवर पोहोचतात.

कागदावर हेच गणिताने करायचे तर एक उदाहरण घ्यावे. धुळे शहरातून पांझरा वाहते. तिच्या दक्षिण तीरावर जुने धुळे आणि उत्तर तीरावर देवपूर. देवपूरच्या शिवारात एका शेताची पायारेषा क आणि ख या दोन दगडांमधून जाते आणि बांधाचा एक कोपरा प इथे आहे, असे समजा. मापे उदाहरणापुरती आहेत. क्ष-अक्ष पूर्वेकडे, य-अक्ष उत्तरेकडे, एकक मीटर. क चे निर्देशक (०, २५), ख चे (३२, १) आणि प चे (३५, ३०). प मधून कख वर टाकलेल्या लंबाचा पाद ल शोधायचा आहे.

शाळेतली रीत चढाची. कख चा चढ (१ − २५) ÷ (३२ − ०), म्हणजे −३/४. तिचे समीकरण ३क्ष + ४य = १०० असे येते. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, म्हणून लंबाचा चढ ४/३. तो (३५, ३०) मधून जातो, म्हणून त्याचे समीकरण ४क्ष − ३य = ५०. आता ही दोन समीकरणे एकत्र सोडवायची. पहिल्याला ४ ने गुणल्यास १२क्ष + १६य = ४००, दुसऱ्याला ३ ने गुणल्यास १२क्ष − ९य = १५०; वजाबाकीतून २५य = २५०, म्हणजे य = १० आणि मग क्ष = २०. लंबपाद ल (२०, १०) इथे आहे. प पासून त्याचे अंतर १५ आणि २० या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे २५ मीटर.

रीत बिनचूक आहे, पण तिला एक अडचण आहे. रेषा उभी असेल तर तिला चढच नसतो, आडवी असेल तर लंबाला नसतो, आणि अशा वेळी विद्यार्थी उगाच अडखळतो. उभ्या रेषेवर लंबपादाचा क्ष-निर्देशक रेषेकडून आणि य-निर्देशक बिंदूकडून जसाच्या तसा घ्यायचा, एवढेच त्यात आहे. तरीही जी रीत रेषेच्या तिरकेपणावर अवलंबून नाही ती अधिक चांगली. तशी रीत निर्देशक भूमितीच्या कितीतरी आधीची आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवीच्या परिसरात १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्याच्या अधिपतींनी त्याला दान दिले, याची त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. ज्या ग्रंथांसाठी तो मठ होता त्यांतल्या ‘लीलावती’मध्ये लंबपाद काढण्याची पूर्ण रीत आहे. ‘लीलावती’ ११५०ची, म्हणजे रने देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या जवळपास पाच शतके आधीची. मूळ नियम त्याहूनही जुना. ब्रह्मगुप्ताच्या ६२८च्या ग्रंथातही तो आढळतो.

भास्कराचार्य त्रिकोणाच्या पायाला भूमी म्हणतात, उरलेल्या दोन बाजूंना भुज, आणि लंबपादाने भूमीचे जे दोन भाग होतात त्यांना आबाधा. नियम असा : दोन भुजांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीने गुणा आणि भूमीने भागा. आलेला भागाकार भूमीतून वजा करून निम्मा केला की लहान आबाधा, भूमीत मिळवून निम्मा केला की मोठी. आबाधा कळल्या की लंब पायथागोरसच्या प्रमेयाने निघतो. त्यांच्या उदाहरणात भूमी १४, भुज १३ आणि १५ आहेत. बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६, भूमीने भागल्यास ४. आबाधा ५ आणि ९, लंब १२, क्षेत्रफळ ८४. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी पाद, मग लंब, शेवटी क्षेत्रफळ.

नियम का चालतो हे पाहणे सोपे आहे. दोन्ही बाजूंच्या काटकोन त्रिकोणांत लंब एकच, म्हणून भुजांच्या वर्गांतला फरक आबाधांच्या वर्गांतल्या फरकाएवढा असतो. वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, आणि आबाधांची बेरीज तर भूमीच. तेव्हा भुजांच्या बेरीज-वजाबाकीच्या गुणाकाराला भूमीने भागले की आबाधांची वजाबाकी हाती येते. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही कळल्यावर दोन संख्या वेगळ्या करणे शिल्लक राहते.

देवपूरच्या उदाहरणाला हाच नियम लावता येतो. भूमी कख ची लांबी ४० मीटर, कारण ३२ आणि २४ चा कर्ण ४० येतो. कप चा वर्ग ३५² + ५² = १२५०, खप चा वर्ग ३² + २९² = ८५०. फरक ४००, भूमीने भागल्यास १०. आबाधा २५ आणि १५. म्हणजे लंबपाद क पासून २५ मीटरवर. लंबाचा वर्ग १२५० − ६२५ = ६२५, लंब २५. चढ नाही, समीकरण नाही, अक्षही नाहीत. तीन अंतरे मोजली की काम झाले. शेतात टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ही रीत समीकरणांपेक्षा जवळची आहे.

सदिशांची रीत म्हणजे हाच नियम निर्देशकांच्या पोशाखात. क पासून ख कडे जाणारा सदिश (३२, −२४), क पासून प कडे जाणारा (३५, ५). त्यांचा अदिश गुणाकार ३२ × ३५ − २४ × ५ = १०००. त्याला कख च्या लांबीने, ४० ने, भागल्यास २५ : तीच आबाधा. लांबीच्या वर्गाने, १६०० ने, भागल्यास ५/८ : लंबपाद कख च्या आठातल्या पाचव्या भागावर आहे. मग निर्देशक थेट मिळतात. क मध्ये सदिशाचा ५/८ भाग, म्हणजे (२०, −१५), मिळवायचा की (२०, १०). भास्कराचार्यांच्या नियमाशी याचे नाते नुसते साम्याचे नाही. कप आणि कख यांच्या वर्गांच्या बेरजेतून खप चा वर्ग वजा करून निम्मे केले तर (१२५० + १६०० − ८५०) ÷ २ = १००० येते. अदिश गुणाकार म्हणजे हीच राशी.

आबाधा हाती असली की लंबपाद सर्वांत जवळचा का, हे एका ओळीत दिसते. पायारेषेवर क पासून स अंतरावर एखादा बिंदू घेतला, तर त्याच्या प पासूनच्या अंतराचा वर्ग (स − २५)² + ६२५ असतो. पहिले पद वर्ग असल्याने शून्याखाली जाऊ शकत नाही, आणि स = २५ असतानाच ते शून्य होते.

या ओळीत मोजणीच्या कामाचा एक मोठा धडा आहे. समजा शंकू थोडा चुकला आणि लंबपाद अर्धा मीटर बाजूला धरला गेला. तिथून प चे अंतर ६२५.२५ चे वर्गमूळ, म्हणजे २५.००५ मीटर : अवघ्या पाच मिलिमीटरची चूक, टेपवर जेमतेम कळणारी. कख आणि प यांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळही तेच राहते, ४० × २५ ÷ २ = ५०० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचे पाच आर. लांबी बरोबर, क्षेत्र बरोबर. पण नकाशावर मांडताना कोपरा पायारेषेला समांतर अर्धा मीटर सरकतो आणि त्याबरोबर शेजाऱ्याचा बांधही. क्षेत्र जुळते म्हणून मोजणी बरोबर, हा समज किती अपुरा आहे ते यावरून कळावे. लंबाची लांबी चूक पोटात घालते, लंबपाद घालत नाही. म्हणूनच टेप फिरवून किमान वाचन शोधण्याची रीत लांबीसाठी उत्तम असली तरी पाद ठरवायला कच्ची आहे : किमान वाचनाच्या आसपास टेप बराच वेळ जवळपास तेच दाखवत राहतो. शंकूची काटकोनाची कसोटी, किंवा तीन अंतरांवरून काढलेली आबाधा, त्यापेक्षा भरवशाची.

रेषेचे समीकरण हाती असेल तर आणखी एक रीत सर्वांत झटपट आहे. रेषा अ·क्ष + ब·य + ड = ० आणि बिंदू (म, न) असा. रेषेला लंब दिशा शोधावी लागत नाही. ती समीकरणात लिहिलेलीच असते, (अ, ब) हीच ती दिशा. बिंदूपासून त्या दिशेने ग पट मागे यायचे : (म − ग·अ, न − ग·ब). हा बिंदू रेषेवर असावा ही अट घातली की ग = (अ·म + ब·न + ड) ÷ (अ² + ब²). उदाहरणात ३ × ३५ + ४ × ३० − १०० = १२५, भागिले २५, म्हणजे ग = ५. पाद (३५ − १५, ३० − २०) = (२०, १०). अंतराचे पाठ केलेले सूत्र यातूनच निघते : ग पट पावले, प्रत्येक पाऊल √(अ² + ब²) लांबीचे. म्हणून लंबपादाची रीत समजली तर अंतराचे सूत्र वेगळे पाठ करावे लागत नाही. उलट मात्र खरे नाही.

ग चे चिन्हही बोलके असते. (३५, ३०) साठी ते धन आले; आरंभबिंदूसाठी −१०० ÷ २५ = −४ येते, कारण आरंभबिंदू रेषेच्या दुसऱ्या अंगाला आहे. टिपणात लंब डाव्या हाताचा की उजव्या हाताचा हे लिहावे लागे. समीकरणात ते चिन्ह सांगते. आणि ग ऐवजी २ग पट चालले तर लंबपाद ओलांडून पलीकडे तेवढ्याच अंतरावर प ची प्रतिमा मिळते : (५, −१०). पांझरेवरच्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यांतून निघणाऱ्या पाटांसारखा एखादा सरळ पाट असेल, त्याच्या एकाच बाजूला दोन शेते असतील आणि पाटावरच्या एका जागेवरून दोन्हींकडे कमीत कमी पाइप टाकायचा असेल, तर एका शेताची प्रतिमा पाटापलीकडे घ्यावी आणि ती दुसऱ्या शेताला सरळ रेषेने जोडावी. ती रेषा पाटाला जिथे छेदते ती जागा. प्रत्येक शेताचा स्वतंत्र लंबपाद इथे उपयोगी पडत नाही, पण प्रतिमा त्याच्याशिवाय मिळत नाही.

आतापर्यंत रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद धरली. प्रत्यक्षात पायारेषा कुठेतरी संपते, पाट कुठेतरी संपतो. (८, ४४) या बिंदूसाठी तीच आकडेमोड केली तर क पासूनचा सदिश (८, १९), अदिश गुणाकार २५६ − ४५६ = −२००, आबाधा −५. लंबपाद क च्या पाच मीटर मागे, (−४, २८) इथे पडतो. भास्कराचार्यांनी हा प्रकार टाळलेला नाही. भूमी ९, भुज १० आणि १७ असा त्रिकोण त्यांनी मुद्दाम घेतला आहे. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, भूमीने भागल्यास २१. तो भूमीतून वजा होत नाही. एक आबाधा −६ आणि दुसरी १५ येते, आणि ऋण आबाधा म्हणजे उलट दिशेची, असा अर्थ त्यांनी लावला आहे. लंब ८, क्षेत्रफळ ३६. ऋण संख्येला दिशा देण्याची ही कृती बाराव्या शतकातली आहे, आणि आजच्या संख्यारेषेवरच्या चिन्हात तीच कल्पना आहे. इतके नितळ उदाहरण पाठ्यपुस्तकांत यायला हवे.

पण पाट खरोखर क पाशीच सुरू होत असेल, तर (−४, २८) इथून पाणी घेता येणार नाही. तेव्हा सर्वांत जवळची जागा म्हणजे क स्वतः. अंतर लंबाचे २० मीटर नव्हे, ४२५ चे वर्गमूळ, सुमारे २०.६ मीटर. नियम असा बसतो : अदिश गुणाकाराला लांबीच्या वर्गाने भागून आलेली संख्या ० ते १ मध्ये असेल तर लंबपाद, ० पेक्षा कमी असेल तर पहिले टोक, १ पेक्षा जास्त असेल तर दुसरे.

मोजणीत शंकू-साखळीची जागा पुढे फलक यंत्राने घेतली आणि आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व उपग्रहांच्या आधारे चालणारे रोव्हर आले आहेत. ही यंत्रे कोपऱ्यांचे निर्देशकच देतात. त्यांना लंब पाडावा लागत नाही. जुन्या टिपणातला कोपरा जागेवर शोधायचा असेल तेव्हा मात्र उलटा प्रवास करावा लागतो : पायारेषेचे दोन दगड शोधायचे, टिपणातल्या पहिल्या आकड्याने लंबपाद आणि दुसऱ्याने कोपरा. क पासून २५ मीटर चालून (२०, १०) वर यायचे आणि तिथून (३, ४) या दिशेने २५ मीटर, म्हणजे (१५, २०) इतके सरकायचे की पुन्हा (३५, ३०).

रस्त्याच्या कामातही जागा सांगण्याची हीच रीत आहे. धुळ्यातून जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गालगतचे झाड, विहीर किंवा मोरी नोंदवताना रस्त्याच्या मध्यरेषेवरचे अंतर आणि तिथून डावीउजवीकडचे अंतर लिहितात. रस्ता तुटक सरळ तुकड्यांचा असेल तर प्रत्येक तुकड्यासाठी जवळचा बिंदू काढून त्यांतला सर्वांत जवळचा घ्यायचा. वळणाच्या आतल्या अंगाला एकाच विहिरीचे लंबपाद दोन्ही तुकड्यांवर पडू शकतात. बाहेरच्या अंगाला कधी एकाही तुकड्यावर पडत नाही आणि तेव्हा जवळचा बिंदू वळणाचा कोपराच ठरतो. महामार्गांची वळणे अशी कोपऱ्याची नसतात. ती वर्तुळाच्या कंसांत आखलेली असतात. तिथे बिंदू कंसाच्या केंद्राशी जोडायचा. ती रेषा, लागल्यास पुढे वाढवून, कंसाला जिथे मिळते तिथे लंबपाद, कारण त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. बिंदू नेमका केंद्रातच असेल तर मात्र कंसावरचा प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर राहतो आणि लंबपाद एकच असा ठरवता येत नाही.